वजन तेवढंच, पण पँट ढिली: चरबी, स्नायू आन् टेपाची मापं नीट कशी घ्यायची

"भाऊ, महिना झाला पळून राहिलो, काटा हलूनच नाही राहिला." ग्राउंडवर येणाऱ्या पोट्ट्यांचा हा ठरलेला प्रश्न आहे, आणि विचारणाऱ्याच्या बेल्टकडे पाहिलं तर त्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं राहते. म्हणजे कमी तर झालं आहे, फक्त काट्याला दिसून नाही राहिलं. याच्या उलटंही होते, चार दिवस भात-पोळी सोडली, दोन किलो उतरले, पूर्ण गावात सांगून झालं, आणि मग नात्यातल्या लग्नाची पंगत खाल्ली की तिसऱ्या दिवशी दोन्ही किलो वापस. त्यात चरबी गेलीही नव्हती आणि आलीही नाही.

तर काय मोजायचं, कशानं मोजायचं, कधी मोजायचं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे सगळं इथं एकदाच सांगून टाकतो. सामान म्हणाल तर शिंप्याचा टेप, एक वही आणि काटा असला तर काटा. जिमची फी नाही लागत.

काट्यावर नेमकं काय चढते

काट्यावर तुम्ही पूर्णच्या पूर्ण चढता. हाडं, रक्त, पाणी, स्नायू, चरबी, रात्रीचं जेवण, सकाळी साफ न झालेलं पोट, सगळं. काटा त्याची एकच बेरीज सांगते, कोणाचे किती ते सांगत नाही.

आता "स्नायू चरबीपेक्षा जड असतो" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. किलो म्हणजे किलोच, स्नायूचा असो की चरबीचा. फरक जागेचा आहे. एक लिटर चरबी साधारण ९०० ग्रॅम भरते आणि एक लिटर स्नायू साधारण १ किलो ६० ग्रॅम. म्हणजे ५ किलो चरबीला साडेपाच लिटरच्या आसपास जागा लागते आणि ५ किलो स्नायूला पावणेपाच लिटरच्या थोडं खाली. काही लोक हा फरक असा सांगतात जसा एकीकडे कापसाचं बोंद आणि एकीकडे तुरीचं पोतं. तेवढा नाही बाप्पा. शेकडा पंधराच्या आसपास आहे. पण पोटावरून दोन-तीन किलो चरबी उतरली आणि मांड्या, पाठ, खांदे यात थोडा थोडा स्नायू बसला, तर वजन तेवढंच राहून पँट ढिली व्हायला तेवढा फरक पुरते.

मग येते पाणी, आणि खरा घोळ हेच करते. आपण भात, पोळी, भाकर खातो त्यातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून स्नायूत आणि यकृतात साठवून ठेवते, मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलं जाते. पोळी-भात बंद केला की हा साठा रिकामा होते, पाणी निघून जाते, दीड-दोन किलो गायब. लोकांना वाटते डाएट लागू पडलं. जेवण सुरू केलं की पाणी वापस येणारच. तसंच मिठाचं. तर्री-पोहे, लोणचं, पापड, सावजी रस्सा असं सगळं एका दिवशी झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काटा वर दिसते, आणि ते पाणी असते. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी राहतात, म्हणजे एका पंगतीत दोन किलो चरबी चढवायची तर नेहमीच्या जेवणाच्या वर १५ हजाराच्या पुढं कॅलरी खाव्या लागतील. शंभर कॅलरीची एक पोळी धरली तर दीडशे पोळ्या. खाणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण दीडशे नाही कोणी खात.

उन्हाळ्यात उलटा खेळ. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, अशा उन्हात काम केलं की तासाला एक लिटरही घाम जाऊ शकते, आणि एक लिटर घाम म्हणजे सरळ एक किलो. काही पोट्टे अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळतात वजन कमी करायला. घाम जाते, चरबी जिथल्या तिथंच, आणि ऊन लागून दवाखान्यात जायची वेळ येते ती वेगळी. हे करूच नका.

काट्याचं काम आधी उरकून घेऊ

काटा फेकून देऊ नका, पण त्याला देव्हाऱ्यातही बसवू नका. चार-पाच गोष्टी पाळा.

काटा कडक आणि सपाट जागेवर पाहिजे. शेणानं सारवलेल्या जमिनीवर किंवा उखडलेल्या फरशीवर ठेवला की तोच माणूस दर वेळी वेगळा भरते. खाली प्लायवूडचा सपाट तुकडा ठेवा. काटा बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर युरियाची सील असलेली ४५ किलोची बॅग आकडा दिसेल अशी उभी करून ठेवून पाहा, डीएपीची बॅग ५० ची येते. अर्धा-एक किलो इकडंतिकडं असलं तर काही बिघडत नाही, रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं. घरी काटा नसेल तर अडत्याकडचा माल मोजायचा काटाही चालते, पण दर वेळी तोच. आज अडत्याकडं, उद्या दवाखान्यात, परवा बसस्टँडवरच्या रुपया टाकायच्या मशीनवर असं केलं तर त्या आकड्यांतून काहीच कळत नाही.

वेळ सकाळची. पोट साफ झाल्यावर, कमी कपड्यात. चहा, नाश्ता, खर्रा सगळं नंतर. जमलं तर आठवड्यात तीन-चार सकाळी वजन घ्या आणि त्याची सरासरी काढा, आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावून पाहा. सोमवारचा आकडा मंगळवारच्या आकड्याशी लावून पाहायचाच नाही, त्यानं नुसतं डोकं खराब होते. चरबी खरोखर उतरत असली तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा बरा वेग आहे. त्याच्यापेक्षा लय जोरात उतरून राहिलं तर पाणी आणि स्नायूही चालले आहेत असं समजा.

टेप: इथं वेळ द्या

माझं मत विचाराल तर एकच माप घ्यायचं असेल तर कमरेचं घ्या. दुसरं कोणतंही माप आपल्या माणसांबद्दल एवढं सांगत नाही, कारण आपल्याकडं हातपाय काडी आणि पोट माठासारखं अशी बनावट लय दिसते.

टेप शिंप्याकडं राहते तोच, फायबरचा. जुना कापडी टेप ओढून ओढून लांब झालेला राहते, त्याला एकदा लोखंडी टेपाशी लावून पाहा. एका बाजूला इंच, एका बाजूला सेंटिमीटर असते, तुम्ही सेंटिमीटरमध्येच लिहा, इंचात लिहिताना आपण अर्ध्या-पाव इंचाचा हिशोब गोल करून टाकतो आणि त्यातच महिन्याची मेहनत बुडते.

पहिले एक गोष्ट मनातून काढा. "माझी कंबर चौतीस आहे" हा पँटचा नंबर आहे. पोट असलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधते, त्यामुळं नंबर वर्षानुवर्षं चौतीसच राहते आणि पोट वरून बाहेर येत राहते. आपल्याला पोटाचा घेर पाहिजे.

जागा अशी शोधा. बाजूनं बोट दाबत खाली या, शेवटची बरगडी लागेल. मग कमरेच्या खालून वर या, कंबरेच्या हाडाचा वरचा काठ लागेल. या दोघांच्या मधोमध पेनानं एक टिंब करा, दोन्ही बाजूंना. टेप त्या टिंबांवरून गेला पाहिजे आणि जमिनीला समांतर राहिला पाहिजे. आपल्यालाच आपलं माप घ्यायचं असेल तर आरशासमोर उभे राहा, कारण पाठीमागं टेप हटकून खाली घसरते आणि आकडा चुकते. शर्ट वर, पँटचं बटण उघडं, पाय जवळजवळ, हात सैल सोडलेले. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. साधा श्वास सोडून झाला की त्याच वेळी आकडा वाचा.

आता दुसऱ्याचं माप घेताना एक अडचण येतेच येते. टेप लावला की माणूस पोट आत घेते. मुद्दाम नाही, आपोआप. "काका, पोट सोडा" म्हटलं की ते आणखी ताठ होतात. याला उपाय म्हणजे टेप लावून धरायचा आणि विचारायचं, "काका, यंदा तुरीले काय भाव भेटला?" काका सांगायला लागले, दोन वाक्यं झाली, व्यापाऱ्याला एक शिवी झाली, की पोट आपल्या जागेवर येते. काका श्वास घ्यायला थांबायच्या आधी वाचून घ्या. त्या दोन क्षणांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडलेला पाहिला आहे.

माप दोनदा घ्या. दोन्हीत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या आणि जवळजवळचे दोन धरून सरासरी लिहा. आणि आठवड्याआठवड्याला एक सेंटिमीटरच्या आतला फरक म्हणजे काहीच फरक नाही, तेवढी चूक हातानं होतेच.

कंबर झाली की बाकीची मापं. मान, गळ्यावर पुढं आलेल्या कंठाच्या गाठीच्या जरा खाली. छाती, स्तनाग्रांच्या पातळीवर. नितंब, जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं. दंड, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध, हात खाली सोडलेला. मांडी, जांघ आणि गुडघ्याच्या मधोमध. पोटरी, जिथं जाड आहे तिथं. डावा घ्या की उजवा, एकच ठरवून ठेवा. आणि व्यायाम झाल्याबरोबर मोजू नका, दंड बैठका मारल्या की रक्त भरून दंड फुगलेला राहते, सकाळी पाहाल तर जिथल्या तिथं. कंबर आठवड्यातून एकदा, बाकी सगळं महिन्यातून एकदा पुरे. रोज टेप घेऊन उभा राहणारा माणूस दहा दिवसांत कंटाळते.

किती कंबर जास्त

भारतीय लोकांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायांची ८० सेंटिमीटरच्या आत पाहिजे असं डॉक्टर धरतात. गोऱ्या लोकांसाठीचे आकडे याच्यापेक्षा मोठे आहेत, ते पाहून खूश होऊ नका. आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म भरायला येते, शुगर-बीपीचा धोका पाहायचा, त्यातही कमरेचं माप राहते आणि हेच ९० आणि ८० चे टप्पे राहतात. ती टेप काढते तेव्हा बरेच लोक "लिहून टाक अंदाजानं" म्हणतात. घेऊ द्या माप, फुकट आहे.

आणखी सोपा हिशोब पाहिजे असेल तर कंबर उंचीच्या अर्ध्यापेक्षा कमी असावी. उंची १६५ तर कंबर साडेब्याऐंशीच्या आत. उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा, पोटाभोवती फिरवा. पुरली तर ठीक, नाही पुरली तर समजून जा.

आता बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा. वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. ६२ किलो आणि १६५ सेंटिमीटर असेल तर २२.८ येते. आपल्याकडं २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. गर्दीचा अंदाज घ्यायला हा आकडा बरा आहे, एका माणसाला मात्र फसवू शकते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळच. आपल्याकडं "त्याले कशाची शुगर होते, वाळून कडबा झाला तो" असं म्हणतात आणि त्यालाच शुगर निघते, त्यामागं हे एक मोठं कारण आहे. पोटाच्या आत, आतड्या आणि यकृताभोवती जी चरबी बसते ती चिमटीत येत नाही, पण त्रास तीच जास्त देते.

चरबीचे टक्के सांगणाऱ्या मशीन

तालुक्याच्या जिममध्ये पायाचे ठसे असलेला काटा राहते, त्याच्यावर उभं राहिलं की चरबी इतकी, स्नायू इतका, हाडं इतकी, वय इतकं, सगळं छापून येते. ती मशीन चरबी पाहत नाही. ती अंगातून अगदी हलका करंट सोडते, पाण्यातून करंट लवकर जाते, चरबीतून अडते, त्यावरून कंपनीनं टाकलेल्या सूत्रानं अंदाज काढते. म्हणून पाणी कमी पिऊन गेलात की चरबी जास्त दाखवते. नुसत्या पायाच्या मशीनमध्ये करंट मुख्यतः पायांतूनच फिरते, वरच्या धडाचा हिशोब सूत्रावर. वापरायची असेल तर एकच मशीन, सकाळची वेळ, जेवणाआधी, आणि तीन-चार महिन्यांत आकडा कोणीकडं चालला एवढंच पाहा. ज्यांना पेसमेकर बसवला आहे आणि ज्या बाया पोटुशी आहेत त्यांनी या मशीनवर उभंच राहू नये. डेक्सा नावाचा स्कॅन याच्यापेक्षा बराच बरोबर सांगते, तो मोठ्या शहरात होते, पण साध्या माणसाला त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही.

घरबसल्या अंदाज पाहिजे तर अमेरिकेच्या नेव्हीची टेपवाली पद्धत आहे. पुरुषांना मान, बेंबीच्या पातळीवरची कंबर आणि उंची, बायांना सोबत नितंबाचं माप आणि कंबर जिथं सगळ्यात बारीक आहे तिथली. मोबाईलवर याचे कॅल्क्युलेटर फुकट आहेत. ही बेंबीवरची कंबर आणि आपली वरची मधोमधची कंबर वेगळी, वहीत दोन्ही वेगवेगळी लिहा.

समजा एक जण आहे, उंची १६५, वजन ६८, मान ३६, बेंबीवर ८८. चरबी येते साधारण २२.४ टक्के, म्हणजे १५ किलोच्या थोडी वर. तीन महिन्यांनी वजन ६७, मान तेवढीच, बेंबीवर ८४. चरबी १९.५ टक्के, म्हणजे १३ किलो. काटा म्हणते एकच किलो गेला. हिशोब म्हणते चरबी दोन किलो गेली आणि बाकी अंग एक किलोनं वाढलं. ही पद्धतही तीन-चार टक्क्यांनी चुकू शकते, म्हणून १९.५ हा आकडा गावभर सांगत फिरू नका, पण कमरेचे चार सेंटिमीटर खरे आहेत.

वही

वहीचं पान साधंच ठेवा. मी पोट्ट्यांना असं लिहायला लावतो: "रविवार. सरासरी वजन ६७.४. कंबर ८६.५. बैठका २५ गुणिले ३. दंड १२. सोळाशे मीटर ७ मिनिटं १० सेकंद. काल बारशाचं जेवण, झोप कमी." ते शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. पुढं कधी काटा उडालेला दिसला की मागं पाहून कारण सापडते. महिन्यातून एकदा फोटो काढा, त्याच दरवाजात, त्याच उजेडात, समोरून आणि बाजूनं. बाजूचा फोटो खोटं बोलत नाही.

ताकदीचा आकडा वहीत पाहिजेच. कारण स्नायू राहिला की गेला हे घरच्या घरी ओळखायचा तोच भरवशाचा मार्ग आहे.

आकडे एकमेकाशी लावून पाहा

एकटा आकडा काही सांगत नाही, जोडीनं पाहायचे. वजन तेवढंच, कंबर उतरली, दंड-बैठका वाढल्या: याच्यासारखं उत्तम काही नाही, काही बदलू नका, लोक नेमके इथंच घाबरून जेवण आणखी कमी करतात. वजनही उतरलं, कंबरही उतरली, ताकद टिकून आहे: चरबी चालली आहे, चालू द्या. वजन भराभर उतरलं पण कंबर तेवढीच आणि बैठका मारताना पाय थरथरून राहिले: स्नायू जाऊन राहिला आहे, जेवण लय कमी केलं आहे किंवा डाळ-अंडी पोटात जात नाहीत. वजन चढलं, मांडी-दंड चढले, कंबर जागेवर: हा स्नायू. पण इथं सबुरी पाहिजे, नवीन माणसाला चांगलं खाऊन, चांगला व्यायाम करून महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू बसला तर लय झालं, बायांना त्याच्या निम्मा धरा, आणि पहिल्या वर्षानंतर वेग आणखी कमी होते. "महिन्यात दहा किलो बॉडी" अशी पावडर विकणारा तुम्हाला पाणी आणि चरबीच विकून राहिला आहे. वजनही चढलं आणि कंबरही चढली तर काय ते सांगायची गरज नाही.

काहीही ठरवायच्या आधी तीन-चार आठवड्यांचे आकडे पाहा. आणि बदलायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, चहातली साखर म्हणा की रात्रीचा भात, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. नुसत्या पोटाच्या कसरती करून पोटाचीच चरबी जाते असं मात्र होत नाही. पोटाचे स्नायू मजबूत होतात, चरबी पूर्ण अंगातून आपल्या हिशोबानं उतरते.

शेतीचं वर्ष आणि आपलं अंग

"दिवसभर वावरात राबतो, मले काऊन व्यायाम पाहिजे?" प्रश्न बरोबर आहे. पण शेतीचं काम वर्षभर सारखं नाही. डवरणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, या दिवसांत वजन उतरते, आणि फेब्रुवारीनंतर रान रिकामं झालं, लग्नसराई लागली की पोट पुढं येते. म्हणून मेचा आकडा नोव्हेंबरच्या आकड्याशी लावू नका, यंदाचा मे मागच्या मेशी लावा. दुसरं असं की कापूस वेचताना कंबर वाकून राहते, हात चालतात, पण मांड्या-छातीवर वाढता भार पडत नाही. अंग त्याच कामाला सरावते आणि स्नायू तिथंच थांबते. वाढवायचा तर भार थोडा थोडा वाढवावा लागते, मग ते वाळूचं पोतं असो की ग्रामपंचायतीच्या ओपन जिमच्या बाजूला मारलेल्या बैठका.

आणि प्रोटीन. साध्या मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम हा आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा आहे, ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. स्नायू बांधायचा तर १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जावं लागते. १०० ग्रॅम कच्च्या तूर डाळीत २२ च्या आसपास, फल्लीदाण्यात २५, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या आसपास, एका अंड्यात ६. आता आपलं पातळ वरण पाहा, एका वाटीत डाळ २५ ग्रॅमही नसते, म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅम, आणि आपण म्हणतो रोज वरण खातो. वरण घट्ट करा, बरबटी, हरभरा, अंडी जोडा. सोयाबीन आपण पोत्यानं पिकवतो, मार्केटला टाकून येतो आणि त्याच्याच वड्या किराण्यातून पुडीनं आणतो, तेही आणत नाही बहुतेक. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरला विचारूनच वाढवा.

बायांसाठी

पाळीच्या आधीचे काही दिवस अंगात पाणी साचते, एक-दोन किलो वर दिसू शकते, त्यामुळं आठवड्याआठवड्याला नाही, मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याचा आकडा या पाळीनंतरच्या आठवड्याशी लावा. साडीवर माप घेऊ नका, निऱ्या आणि परकराचा नाडा मिळून टेप खोटा पडते, आणि नाड्याचा जो वळ कमरेवर उमटते तिथं नाही तर वर सांगितलेल्या मधोमधच्या जागेवर मोजा. बाईच्या अंगात पुरुषापेक्षा चरबी जास्त असणं हे शरीराचंच ठरलेलं आहे, मांडी-नितंबावरची चरबी पोटावरच्या चरबीएवढी घातकही नाही, तेव्हा नवऱ्याचे टक्के पाहून आपले मोजू नका. वजन उचललं तर दंड पहिलवानासारखे होतील ही भीती काढून टाका, त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन नावाचं पुरुषी हार्मोन बायांच्या अंगात लय कमी असते. पोटुशी असताना आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने टेप बाजूला ठेवा.

भरतीवाल्यांसाठी छाती

पोलीस भरतीत पोरांना छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून कमीत कमी ५ सेंटिमीटर जास्त लागते. हे पाच सेंटिमीटर नुसत्या स्नायूचे नाहीत, बरगड्या किती उघडतात त्याचे आहेत, म्हणून दंड मारून मारून छाती ७९ ची ८२ झाली तरी फुगवणं तेवढंच राहू शकते. रोज सकाळी सावकाश खोल श्वास, हात वर करून बाजूचे ताण, आणि महिन्यातून दोनदा मित्राकडून माप. टेप पाठीमागं खाली सरकू देऊ नका, तिथंच पोट्टे घरी ८५ मोजतात आणि मैदानावर ८३ निघते.

म्हातारी माणसं, आणि डॉक्टर कधी

घरातल्या म्हाताऱ्यांचं वजन कमी झालं की आपण म्हणतो वय झालं. जाते तो बहुतेक स्नायू, आणि मग पडणं-झडणं सुरू होते. आशियाई लोकांसाठी पोटरीचं माप पुरुषांचं ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायांचं ३३ पेक्षा कमी असेल तर लक्ष द्यायला सांगतात. दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीशी घडी, खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झाले समजा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि बाजूला एक जण उभा राहा.

आणि काही न करता वजन उतरून राहिलं, सोबत तहान जास्त, लघवी जास्त, किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी ताप, तर वही-टेप ठेवून द्या आणि पीएचसीत म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन शुगर आणि थुंकी तपासून घ्या. पायावर सूज येऊन वजन चढलं, बोट दाबलं की खड्डा राहते, तर तेही चरबीचं काम नाही, त्याच दिवशी दाखवा.